अंधारात पाहण्याची साधने: नाइट व्हिजन गॉगल्स कसे निवडावेत आणि कसे वापरावेत

‘नाइट व्हिजन’ या एकाच नावाखाली विकली जाणारी उपकरणे प्रत्यक्षात तीन अगदी निराळ्या तत्त्वांवर चालतात. पहिले आकाशातून येणारा अंधुक उजेड हजारो पटींनी वाढवते, दुसरे कॅमेऱ्यासारखे चित्र टिपून ते छोट्या पडद्यावर दाखवते आणि तिसरे उजेडाकडे पाहतच नाही, वस्तूंची उष्णता टिपते. त्यामुळे ‘सर्वांत चांगले नाइट व्हिजन कोणते’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी हे ठरवावे लागते की अंधारात आपल्याला चालायचे आहे, काही शोधायचे आहे, की समोर दिसते ते नेमके काय आहे हे ओळखायचे आहे. ही तीन वेगळी कामे आहेत आणि माझ्या मते खरेदीतल्या बहुतेक चुका ती एकच समजल्यामुळे होतात.

उपकरणाआधी आपल्या डोळ्यांची क्षमता समजून घ्यावी. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, तर दंडपेशी मंद उजेडात काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाहीत. अंधारात गेल्यावर दंडपेशींमधील रोडॉप्सिन हे रंगद्रव्य हळूहळू पुन्हा तयार होते आणि डोळे पूर्ण सरावायला 30 ते 40 मिनिटे लागतात. एवढ्या वेळाने मिळवलेली ही तयारी पांढऱ्या टॉर्चचा एक झोत काही क्षणांत पुसून टाकतो. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेचा उजेड साधारण 0.1 ते 0.25 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो. पौर्णिमेच्या उजेडात सरावलेले डोळे मोकळ्या जागेत व्यवस्थित वाट दाखवतात. चांदण्यांच्या रात्री हाच उजेड 0.001 लक्सपर्यंत उतरतो आणि दाट ढग असतील तर त्याच्याही दहाव्या हिश्शावर येतो. उपकरणाची खरी गरज इथून सुरू होते.

उजेड वाढवणाऱ्या पारंपरिक उपकरणाचे हृदय म्हणजे इमेज इंटेन्सिफायर ट्यूब. समोरच्या भिंगातून आलेला अंधुक प्रकाश फोटोकॅथोड नावाच्या पातळ थरावर पडतो आणि प्रकाशकण आदळले की त्या थरातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे इलेक्ट्रॉन मायक्रोचॅनेल प्लेटमध्ये शिरतात. ही काचेची अतिशय पातळ चकती असते आणि तिच्यात काही मायक्रोमीटर व्यासाच्या लाखो नळ्या किंचित तिरप्या बसवलेल्या असतात. चकतीच्या दोन बाजूंमध्ये शेकडो व्होल्टचा विद्युतदाब असल्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीवर आदळत जातो, दर धडकेला नवे इलेक्ट्रॉन सुटतात आणि एकाचे हजारो होतात. शेवटी ते फॉस्फरच्या पडद्यावर पडून त्याला उजळवतात. आपल्याला दिसते ते या पडद्यावरचे चित्र, बाहेरचे दृश्य नव्हे. हा फरक लक्षात असला की अशा उपकरणाच्या बहुतेक मर्यादा आपोआप कळतात. पडद्याचा हिरवा रंग निवडला गेला तो डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे. आता पांढरट चित्र देणारे फॉस्फरही मिळते. अनेकांना त्यातली दृश्याची खोली आणि छटा अधिक नैसर्गिक वाटतात, तरी ही निवड बरीचशी आवडीची आहे.

रात्रीच्या आकाशाबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. वातावरणाच्या वरच्या थरांत होणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे आकाश स्वतःच मंदपणे चमकत असते आणि या चमकेचा मोठा भाग दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, जवळच्या अवरक्त पट्ट्यात असतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा उजेड चांगली ट्यूब टिपते. याच पट्ट्यात हिरवी पाने प्रकाश जोरात परावर्तित करतात, म्हणून गॉगल्समधून गवत आणि झाडी अनपेक्षितपणे उजळ दिसते आणि तिच्यातून जाणारी मातीची वाट गडद रेघेसारखी उठून दिसते. ही ट्यूब शून्यातून काही निर्माण करत नाही, आहे तेच वाढवते. गुहेत, किंवा ढगाळ रात्री दाट झाडीखाली जिथे उजेड जवळपास उरतच नाही, तिथे उत्तमातली उत्तम ट्यूबही चित्राऐवजी नुसता चमचमणारा दाणेदार पडदा दाखवते.

या ट्यूबची वर्गवारी ‘पिढ्यां’मध्ये केली जाते. दुसऱ्या महायुद्धातली साधने स्वतःचा अवरक्त दिवा लावून पाहत असत, त्यांना शून्य पिढी म्हणतात. 1960च्या दशकात व्हिएतनाम युद्धाच्या काळात केवळ चांदण्यांच्या उजेडावर चालणारी पहिली पिढी आली. त्यात मायक्रोचॅनेल प्लेट नव्हती, पुरेशी वाढ मिळवण्यासाठी तीन ट्यूब एकामागे एक जोडाव्या लागत. आज पहिल्या पिढीच्या नावाने स्वस्तात मिळणारी उपकरणे बहुधा एकाच ट्यूबची असतात. त्यांत चित्राच्या कडा वाकलेल्या दिसतात आणि चंद्र नसेल तर अवरक्त दिव्यावाचून फारसे काही दिसत नाही. दुसऱ्या पिढीत मायक्रोचॅनेल प्लेट आली, तर तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड आला आणि अवरक्त पट्ट्यातली संवेदनशीलता एकदम वाढली. तिसऱ्या पिढीच्या ट्यूबचे आयुष्य 10,000 तासांच्या घरात सांगितले जाते.

मात्र पिढीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. दुसऱ्या पिढीची सुधारलेली ट्यूब तिसऱ्या पिढीच्या सुमार ट्यूबपेक्षा चांगले चित्र देऊ शकते. जाहिरातीत ठळकपणे छापलेला ‘50,000 पट वाढ’ असा आकडा एकट्या ट्यूबचा असतो. भिंगांमधून होणारी घट धरली तर डोळ्यापर्यंत पोहोचणारी वाढ काही हजार पट असते. त्याहून उपयुक्त असे दोन आकडे तपशीलपत्रकात शोधावेत. एक म्हणजे रेझोल्यूशन, जे एका मिलिमीटरमध्ये रेषांच्या किती जोड्या सुट्या दिसतात यावरून मोजतात. 64 किंवा त्याहून अधिक चांगले. दुसरे म्हणजे सिग्नल आणि नॉइज, म्हणजे खरे चित्र आणि त्यात मिसळणारे दाणे, यांचे गुणोत्तर. काळोख्या रात्री चित्र किती स्वच्छ राहील हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते, म्हणून त्याला मी अधिक महत्त्व देईन. दोन्हींचा गुणाकार करून एकच गुणांक देण्याची पद्धत आहे, उदाहरणार्थ 64 गुणिले 28 म्हणजे 1792. पण पत्रकात नुसता गुणाकार दिला असेल तर दोन्ही आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत. सोबत ‘ऑटोगेटिंग’ आहे का, तेही पाहावे. या सोयीत ट्यूबचा विद्युतपुरवठा अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतो, त्यामुळे दृश्यात अचानक दिवा आला तरी चित्र पूर्ण पांढरे पडत नाही.

दुसरा प्रकार डिजिटल. त्यात फोटोकॅथोडऐवजी सिलिकॉनचा सेन्सर असतो, जवळपास मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखाच, मात्र अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर त्यात नसतो. हा प्रकार स्वस्त आहे, दिवसाही वापरता येतो, चित्रीकरण करू देतो आणि उजेडाने सहसा बिघडत नाही. मात्र अंधाऱ्या रात्री त्याची भिस्त सोबतच्या अवरक्त दिव्यावर असते. हा दिवा साधारण 850 किंवा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पहिल्याचा पल्ला जास्त असतो, पण दिव्याकडे पाहिल्यास मंद लाल ठिपका दिसतो. दुसरा जवळजवळ अदृश्य असतो, परंतु सिलिकॉनचा सेन्सर त्या पट्ट्यात कमी संवेदनशील असल्याने पल्ला घटतो. बसून निरीक्षण करायचे असेल तर डिजिटल उपकरण पुष्कळदा पुरेसे ठरते. चालण्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही, कारण सेन्सरपासून पडद्यापर्यंत चित्र पोहोचायला लागणारा थोडासा वेळही मान वळवताना जाणवतो, पाऊल चुकते आणि काहींना मळमळते.

तिसरा प्रकार थर्मल. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. नेहमीच्या तापमानाच्या वस्तूंमधून निघणाऱ्या किरणांपैकी 8 ते 14 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी थर्मल उपकरण टिपते. त्यामुळे त्याला पूर्ण अंधार आणि पौर्णिमा सारखीच. पानांआड बसलेल्या प्राण्याचा थोडासा भाग उघडा असला तरी तो थंड पार्श्वभूमीवर ठिणगीसारखा दिसतो. भरकटलेला सहकारी किंवा हरवलेले पाळीव जनावर शोधायला याइतके उपयोगी साधन नाही. परंतु ते चेहरा दाखवत नाही, छापील पाटी वाचू देत नाही, आणि साध्या काचेतून या लहरी पार जात नसल्यामुळे वाहनाच्या बंद खिडकीतून त्यात बाहेरचे काहीही दिसत नाही. म्हणूनच त्याचे भिंग सहसा जर्मेनियमचे असते, आणि किमतीचा मोठा भाग तिथेच जातो. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तानंतर अशी एक वेळ येते की जमीन, दगड आणि झाडे यांचे तापमान जवळपास सारखे होते. तेव्हा थर्मल चित्र सपाट आणि ओळखू न येण्याजोगे दिसते. बरीच थर्मल उपकरणे ठरावीक वेळाने आपले सेन्सर जुळवून घेतात, त्या वेळी बारीक ‘टिक’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते. हे माहीत नसलेला नवखा माणूस उपकरण बिघडले असे समजतो.

पल्ल्याच्या दाव्यांकडे सावधपणे पाहणे सर्वांत गरजेचे आहे. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने 1958 मध्ये मांडलेले निकष आजही आधार मानले जातात. काहीतरी आहे एवढे कळणे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळणे, आणि ते नेमके कोणते आहे हे ओळखणे, अशा पायऱ्या त्याने केल्या आणि दर पायरीला चित्रात किती तपशील लागतो हे मोजले. जाहिरातीत छापलेला पल्ला जवळजवळ नेहमी पहिल्या पायरीचा असतो. एक हिशेब करून पाहू. थर्मल सेन्सरचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) 12 मायक्रोमीटरचा आणि भिंगाचे केंद्रांतर (फोकल लेन्थ) 25 मिलिमीटर असेल, तर 1 किलोमीटर अंतरावर प्रत्येक ठिपका 48 सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस तिथे साडेतीन-चार ठिपके उंच आणि जेमतेम एक ठिपका रुंद दिसेल. उपकरणाने माणूस ‘दाखवला’ हे खरे, पण तो माणूस की झाडाचे खोड, हे आपल्याला सांगता येणार नाही. तोच माणूस 100 मीटरवर असेल तर त्याची उंची 36 ठिपक्यांची होते आणि हालचालीवरून तो माणूसच आहे हे निश्चित कळते. हा हिशेब कोणत्याही थर्मल किंवा डिजिटल उपकरणासाठी करता येतो: ठिपक्याचा आकार भागिले भिंगाचे केंद्रांतर, गुणिले अंतर.

यावरून निवडीचे सूत्र बरेचसे ठरते. रात्रीच्या वाटेवर चालणे, तळ उभारणे, नाव वल्हवणे, आकाश पाहणे या कामांसाठी उजेड वाढवणारी ट्यूब योग्य. आकाशनिरीक्षणात तर ती वेगळाच आनंद देते, कारण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे आणि बारीक उल्का तिच्यातून दिसू लागतात. शोधायचे असेल तर थर्मल. एका जागी बसून प्राण्यांच्या सवयी टिपायच्या आणि चित्रीकरण हवे असेल तर डिजिटल. अनुभवी लोक चालण्यासाठी एक ट्यूब डोळ्यावर आणि शोधण्यासाठी छोटे थर्मल खिशात ठेवतात, आणि दोन्ही कामे एका उपकरणाकडून करून घेण्यापेक्षा हे मला शहाणपणाचे वाटते.

चालण्यासाठीच्या उपकरणात आवर्धन अजिबात नको. 1 पट, म्हणजे जसे आहे तसे, एवढेच हवे. चार-पाच पट मोठे दाखवणारी दुर्बीण डोळ्यावर बांधून पाऊल टाकले तर जमीन भलतीच जवळ भासते आणि माणूस हमखास अडखळतो. एका डोळ्याचे उपकरण हलके आणि स्वस्त असते. त्याचा आणखी एक फायदा असा की दुसरा डोळा अंधाराला सरावलेला राहतो. दोन डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र ट्यूब असलेले उपकरण अधिक आरामदायक असते आणि जवळच्या वस्तूंचे अंतर काहीसे बरे कळते, पण वजन आणि खर्च जवळपास दुप्पट होतो. एकाच ट्यूबचे चित्र दोन्ही डोळ्यांना वाटून देणारा प्रकारही आहे. त्यात दोन्ही डोळे उघडे राहत असले तरी चित्र एकाच बिंदूतून आल्यामुळे खोली कळत नाही. हे विकत घेण्याआधी नीट विचारून घ्यावे, कारण डोळ्यांकडच्या बाजूने दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

एका डोळ्याचे उपकरण बॅटरीसह साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते. हातात हे वजन काहीच वाटत नाही, पण कपाळापुढे लटकल्यावर तासाभरात मान भरून येते. म्हणून डोक्यावरचा पट्टा किंवा हेल्मेट चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि मागच्या बाजूला थोडे वजन लावून तोल साधावा. उपकरणापेक्षा पट्ट्यावर काटकसर करणारे लोक शेवटी ते हातातच धरून फिरतात, आणि मग तोल सावरायला एकच हात उरतो. बॅटरी कुठेही मिळणाऱ्या आकाराची असावी. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे सुटी बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवणे बरे.

खरेदीपूर्वी उपकरण अंधाऱ्या खोलीत प्रत्यक्ष पाहावे. पडद्यावर काही बारीक काळे ठिपके असणे दोष मानला जात नाही, उत्पादनातच ते राहतात. मात्र मध्यभागी मोठा डाग, सतत चमकणारा ठिपका, किंवा कधीकाळी तेजस्वी दिव्याने उमटलेली कायमची छाप असेल तर ते घेऊ नये. कायद्याची बाजूही आधी तपासावी. अमेरिकेच्या निर्यात नियमांनुसार तिसऱ्या पिढीच्या ट्यूब परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाहीत, अगदी स्वतःच्या सहलीच्या सामानातूनही नाही. इतर देशांचेही बाळगण्याचे, आयातीचे आणि वन्यजीवांजवळ वापरण्याचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून आपण जिथे ते वापरणार आणि जिथून जाणार त्या दोन्ही ठिकाणचे नियम वाचूनच पैसे मोजावेत.

आता वापराकडे वळू. पहिल्यांदा फोकस नीट करणे शिकावे, कारण ‘चित्र धूसर आहे’ या तक्रारीमागे बहुधा चुकीचा फोकस असतो. डोळ्याकडचे कडे आपल्या नजरेच्या नंबरासाठी असते. आधी तेच फिरवून पडद्यावरचे बारीक दाणे टोकदार दिसतील असे करावे. बाहेरचे दृश्य तेव्हा अस्पष्ट असले तरी चालते. त्यानंतर पुढचे कडे फिरवून समोरची वस्तू स्पष्ट करावी. डोळ्याकडचे कडे मग पुन्हा हलवू नये. ही भिंगे जास्तीत जास्त उजेड आत घेण्यासाठी मोठ्या छिद्राची असतात, त्यामुळे एका वेळी थोड्याच अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते. दूरवर फोकस केला की पायाखालचा दगड धूसर होतो. चालताना पाच-सहा मीटरवर फोकस ठेवणे ही सोयीची तडजोड आहे. नकाशा पाहायचा असेल तर उपकरण वर करून मंद लाल दिव्यात नुसत्या डोळ्यांनी पाहावा.

अशा उपकरणाचे दृश्यक्षेत्र साधारण 40 अंशांचे असते, तर आपल्या दोन डोळ्यांचे मिळून आडवे क्षेत्र जवळपास 200 अंशांचे. ही तफावत मान फिरवून भरून काढावी लागते. डावीकडून उजवीकडे, मग पायाजवळ, मग पुन्हा समोर, अशी संथ सवय लावून घ्यावी. खोली कळणे ही याहून मोठी अडचण. खड्डा आणि सावली पडद्यावर सारखेच गडद दिसतात, स्थिर पाणी आणि सपाट जमीन यांतला फरक लवकर लक्षात येत नाही, आणि धातूच्या तारा व बारीक फांद्या तर जवळ येईपर्यंत दिसतच नाहीत. म्हणून पहिल्या काही रात्री ओळखीच्या मोकळ्या जागीच सराव करावा, काठी सोबत ठेवावी आणि पाऊल टेकल्याची खात्री झाल्यावरच भार टाकावा. कडा, ओढे आणि उतार यांच्या वाटा दिवसा आधी पाहिलेल्याच असाव्यात. हे गॉगल्स लावून सायकल किंवा गाडी चालवण्याचा मोह पूर्णपणे टाळावा.

चंद्राची जागाही महत्त्वाची आहे. पाठीमागे किंवा बाजूला असलेला चंद्र वाट उजळवतो. तोच समोर क्षितिजालगत असेल तर त्याभोवती प्रभावळ पसरते आणि लांब सावल्या खड्ड्यांसारख्या दिसतात. धुक्यात किंवा पावसात अवरक्त दिवा लावल्यास त्याचा प्रकाश थेंबांवरून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा बंद केल्याने अधिक दिसते. हा दिवा डोळ्यांना दिसत नसला तरी निरुपद्रवी नसतो. पापणी मिटण्याची स्वाभाविक क्रिया होत नसल्यामुळे तीव्र दिवा जवळून कोणाच्याही डोळ्यांवर रोखू नये. प्राण्यांच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी: घरट्यांजवळ आणि पिलांजवळ तो लावू नये, आणि अनेक निशाचरांच्या डोळ्यांत असणाऱ्या परावर्तक थरामुळे ते डोळे चमकताना दिसले की तेवढ्यावर समाधान मानून दिवा दूर न्यावा.

ट्यूब चालू असताना दिवसाच्या उजेडात, वाहनांच्या दिव्यांकडे किंवा लेझरकडे रोखणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे, आणि लेझरने तर एका क्षणात कायमचा डाग पडतो. दिवसा तपासायचेच असेल तर बारीक छिद्राचे झाकण लावूनच चालू करावे. गारठ्यातून उबदार जागी आल्यावर भिंगावर दव धरते. ते पुसण्याची घाई न करता उपकरण पिशवीतच राहू द्यावे आणि आपोआप सुकू द्यावे. महिनोन्‌महिने ठेवायचे असेल तर बॅटरी काढून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे.

गॉगल्स काढल्यावर लगेच चालू लागू नये. पडद्याच्या उजेडामुळे डोळ्यांचा अंधाराचा सराव काही प्रमाणात गेलेला असतो, आणि एका डोळ्याचे उपकरण असेल तर दोन डोळे दोन वेगळ्या रात्री पाहत असतात. जागच्या जागी उभे राहून काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि दोन्ही डोळ्यांना वाट सारखी दिसू लागल्यावरच पहिले पाऊल टाकावे.